फक्कीने आखलेलं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी आयुष्यात एकही घर बांधलं नाही. जळगाव जामोदला ज्या घरात राहतो ते वडिलांनी बांधलं, आणि त्याला पुढे जोडलेली खोली बशीर मिस्त्रीने बांधली. त्या वेळी नव्या भिंतींवर पाणी मारण्याचं तेवढं काम माझ्याकडे होतं, आणि तेही मी दोन दिवस विसरलो. तरीही गेली चार वर्षं आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी 'घर पाहावं' नावाचं सदर लिहितो आणि पुण्या-मुंबईच्या इमारतींवर मतं देतो. कोणत्या अधिकाराने, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. सुदैवाने कोणी विचारत नाही.

एकतीस वर्षं मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका इंजिनिअरच्या पत्नीने नवऱ्याच्या माघारी त्याची पुस्तकं वाचनालयाला दिली. सगळी इमारतींवरची. वर्षभर एकही पुस्तक कोणी घरी नेलं नाही. मला त्या पुस्तकांची दया आली, म्हणून मी ती वाचायला घेतली. माझी या विषयातली विद्या एवढीच. पुण्याला मी एकूण सहा वेळा गेलो आहे. त्यातल्या तीन खेपा दवाखान्याच्या, म्हणजे इमारतीत राहून इमारत न पाहण्याच्या.

माझी मतं मात्र ठाम आहेत. निदान कागदावर. ज्या गावात उन्हाळ्यात डांबर वितळतं तिथे पश्चिमेच्या अंगाला जमिनीपासून आभाळापर्यंत काच लावणं हा शहाणपणा नाही. खालचे चार मजले गाड्यांना आणि पाचव्या मजल्यापासून माणसांना जागा देणारी इमारत मूळ कोणासाठी बांधली, हे तिच्याकडे पाहूनच कळतं. जाहिरातीतल्या गॅलरीत कधी कपडे वाळत नसतात. तिथे एक बाई कॉफीचा कप घेऊन उभी असते आणि दूर बघते. तिच्या घरातली धुणी कुठे वाळतात, हे मला तिला विचारावंसं वाटतं. आणि इमारतींची नावं! परवाच्या एका इमारतीचं नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले. त्या घरी पाहुण्याने रिक्षावाल्याला काय सांगून पोचायचं?

हे सगळं लिहून झालं की छापायला देण्याआधी मी बशीरला वाचून दाखवतो. बशीर माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. आता गुडघ्यांमुळे तो परांचीवर चढत नाही, पण कामं घेतो. रोज चार वाजता तो वाचनालयात येतो. मीही निवृत्त झाल्यावर तिथेच बसतो, कारण दुसरीकडे कुठे बसावं हे मला अजून सुचलेलं नाही. बशीर डोळे मिटून ऐकतो आणि मध्येच एक डोळा उघडतो. तो डोळा उघडला की मी ते वाक्य खोडतो.

फेब्रुवारीच्या शेवटी बशीर संग्रामपूरला एका शाळेच्या कामावर होता आणि मला लेख द्यायची घाई होती. लेख पुण्यातल्या एका नव्या वसाहतीवर होता. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तिची पानभर जाहिरात आली होती, त्यात पश्चिमेला पूर्ण काच लावलेल्या इमारतीचं चित्र होतं आणि एका दोन खोल्यांच्या घराचा नकाशाही होता. नकाशाखाली बारीक अक्षरात छापलं होतं, प्रमाण एकास शंभर. मी भिंग घेतलं, फूटपट्टी घेतली आणि मोजलं. बैठकीची खोली सहा फूट बाय नऊ फूट निघाली. शेजारी घराच्या क्षेत्रफळाचा आकडा होता आणि तो याच्याशी जुळत नव्हता. पण जाहिरातीतला आकडा कोण खरा मानतो? मी माझ्या पट्टीवर विश्वास ठेवला. आयुष्यात मी स्वतःवर विश्वास ठेवल्याचे प्रसंग फार थोडे, त्यातला हा एक.

लेखात मी लिहिलं की एवढ्या खोलीत चार माणसं ताट घेऊन बसली तर पाचव्याने दारातूनच सलाम करून परत जावं. आणि शेवटी, मला स्वतःलाच आवडलेलं एक वाक्य लिहिलं: "ज्याने हा नकाशा काढला त्याने आयुष्यात कधी कुणाला घरी जेवायला बोलावलेलं दिसत नाही."

लेख छापून आला. बशीर संग्रामपूरहून परतला. पण चार वाजता आला नाही.

रोजे सुरू होते. रोज्यामुळे थकत असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग आठवलं की आजवर प्रत्येक रमजानमध्ये तो येत आलेला आहे, फक्त चहा घेत नाही. मी नऊ दिवस चार वाजता दरवाजाकडे बघत बसलो. दहाव्या दिवशी बाजारात नजमुन्निसाभाभी, म्हणजे बशीरची बायको, भेटल्या. मी बशीरची तब्येत विचारली.

"तब्येतीले काय झालं? घोड्यासारके हायेत," त्या म्हणाल्या. मग खजुराचं पुडकं पिशवीत ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तो नकाशा आमच्या मलिहानं काढेल हाय."

मलिहा ही त्यांची मुलगी. पुण्यात एका आर्किटेक्टच्या कार्यालयात तिला दोन वर्षं झाली. माझा प्रत्येक लेख बशीर फोनवर फोटो काढून तिला पाठवतो. हा लेखही त्याने न वाचताच मोठ्या हौसेने पाठवला होता. तिचं उत्तर आलं, अब्बा, ही माझी इमारत आहे. मग त्याने चष्मा लावून लेख वाचला.

आता त्या वाक्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या बायकोच्या, कोकिळाच्या, आजारपणात आमच्या घरी सव्वा महिना दोन वेळचा डबा बशीरकडून आला. त्याच्या घरी सणाला किती माणसं जेवतात, हे कोणी मोजत नाही, कारण मोजायला बसलं की आणखी दोघं येतात. त्या घरातल्या मुलीला मी म्हणालो होतो की तिने कधी कुणाला जेवायला बोलावलेलं दिसत नाही. आणि छापून म्हणालो होतो.

घरी येऊन मी पुन्हा मोजलं. सहा बाय नऊच. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं आणि तरी मी वाईट वागलो होतो. मी बशीरला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात माफी फार होती, दुसऱ्यात नकाशा फार होता. उरलेल्या दोहोंत काय होतं ते मलाच कळलं नाही.

"तीनशे पावलांवर घर हाय त्याचं," कोकिळा म्हणाली. "पत्र काय धाडून राह्यले? ईदले जा नं."

"त्यानं दार लावलं तं?"

"तं परत या. तीनशे पावलंच तं चालाचं हाय."

ईदच्या दिवशी मी गेलो. दरवर्षी जातो, तरी या वेळी गल्लीच्या तोंडाशी दोनदा थांबलो. दार मलिहाने उघडलं. लहानपणी माझ्याकडून चित्रांची पुस्तकं नेणारी आणि ती परत आणताना पानांत नेमाने गवताची काडी विसरणारी मुलगी. आता तिच्या चष्म्याची काच माझ्या चष्म्यापेक्षा जाड होती.

"या काका," ती म्हणाली. "आमच्याकडे बोलावतात जेवायला. बसा."

मी बसलो. बशीर समोरच्या खाटेवर होता. गळाभेट झाली, पण रीतीपुरती. नजमुन्निसाभाभींनी शीरखुर्म्याची वाटी हातात दिली.

"मलिहा, त्या वाक्याबद्दल..." मी सुरुवात केली.

"वाक्याचं राहू द्या. खोलीचं बोला," ती म्हणाली. "सहा बाय नऊ कुठून आणलंत तुम्ही?"

"मोजलं."

"मी काढलीय दहा बाय पंधरा!"

"छापलं आहे ते मी मोजलं. तुमचं कार्यालय सांगतं एक, छापतं एक," मी म्हणालो. एवढं धाडस मला कुठून आलं कोण जाणे. बहुधा पट्टीतून. "आणि ती काच? पश्चिमेला?"

"काच मी नाही लावली. काच विकणाऱ्यांना हवी असते." ती जराशी तांबडी झाली. "काका, तुम्ही ओसरी, अंगण असं लिहिता ना, तिथं जमीन इंचाइंचाने मिळते. जो माणूस रोज दोन तास बसमध्ये उभा राहून कामाला जातो त्याला मी अंगण कुठून देऊ? मी त्याला खिडकी देते, दोन बाजूंनी वारा देते. तुमच्या या ओसरीच्या घरात संडास कुठे होता, सांगा बरं."

संडास परसाच्या मागच्या टोकाला होता. माझी आई साठाव्या वर्षी कंदील घेऊन चिखलातून तिकडे जायची. यावर मी कधी लेख लिहिला नव्हता.

"आता पहिल्या इमारतीचं ठरून गेलं," मलिहा वडिलांकडे बघून म्हणाली. "दुसरीचे नकाशे या महिन्यात मंजुरीला जाणार. तेच घर, तोच नकाशा. आणि इथं माझ्याच गावात छापून येतं की तो कोंबड्याचा खुराडा हाय!" रागात तिची पुण्याची भाषा सुटली.

"खुराडा नाही लिहिलं मी."

"बस," बशीर पहिल्यांदा बोलला. "कागदावर भांडून घर समजत नसते. वामनराव, उद्या सकाळी खळ्यावर या. वयनीलेबी आना. अन ते पट्टी घरीच ठेवा."

रात्री मला झोप लागली नाही, असं म्हणायचं होतं, पण लागली. शीरखुर्मा दोन वाट्या झाला होता.

दुसऱ्या दिवशी, बासी ईदच्या सकाळी आठ वाजता कोकिळाला घेऊन मी बशीरच्या घरामागच्या खळ्यावर गेलो. हरभरा निघून गेला होता, जमीन साफ झाडलेली होती, आणि उत्तरेला सातपुडा अजून निळा होता, उन्हाने पांढरा व्हायचा होता. बशीरजवळ सुताची दोरी, काटकोन जुळवायचा गुण्या, खुंट्या आणि फक्कीचं, म्हणजे चुन्याच्या भुकटीचं घमेलं होतं. घर बांधण्याआधी तो मालकाला असंच उभं करतो. पांढऱ्या फक्कीने सगळं घर जमिनीवर आखतो आणि म्हणतो, आता चालून पाहा. नंतर म्हणू नका. आमच्या खोलीच्या वेळीही त्याने तसंच केलं होतं.

"कोपऱ्यापासून?" मी विचारलं.

"कोपरा आर्किटेक्टचा. मिस्त्री दारापासून सुरू करते." त्याने वाकून खुंटी ठोकली. "बोला वामनराव. तुमच्या मोजण्यात दार किती भरलं होतं?"

मी दार मोजलं नव्हतं. जाहिरात खिशात होती, पण पट्टी घरी ठेवायला सांगितलेलं. मलिहाने तिच्या पिशवीतली पट्टी दिली. मी जाहिरात गुडघ्यावर पसरली, भिंग लावलं आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"किती?"

"पावणेदोन फूट," मी म्हणालो.

मग नजमुन्निसाभाभी स्वतःच्या देहाकडे बघून म्हणाल्या, "या अल्ला, मंग मी तं बाहीरच!"

मलिहा आधी हसली. माझ्या हातातून जाहिरात घेऊन तिने डोक्याला हात लावला. "काका, पानात बसवायला त्यांनी नकाशा लहान करून छापला. आणि खालचं प्रमाण तसंच ठेवलं. हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

"दार तीन फुटाचं असते," बशीर सावकाश म्हणाला. "पुन्यात असो, नाईतं जळगावात. मानसाची रुंदी सारकीच. कोनताबी नकाशा आला की मी पयले दार पाह्यतो. दार सांगते नकाशा खरा की खोटा." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मले वाचून काऊन नाई दाखोलं जी? मी डोया उघडला असता."

"तू संग्रामपूरला होतास."

"तं थांबाचं होतं. पुन्याची बिल्डिंग काय पळून जाऊन राह्यली होती?"

त्याच्या रागाचं कारण ते वाक्य होतंच. पण मी त्याला न विचारता लेख छापला, हेही होतं. हे मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

मग घर आखलं. मलिहा आकडे सांगायची, मी दोरीचं टोक धरायचो, बशीर मुठीतून फक्की सोडत जायचा. दहा बाय पंधराची बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणी, संडास, गॅलरी. बाहेर पाच फुटांची वाट आणि पलीकडे समोरच्या घराचं दार. बशीर शेजाऱ्याचं दारही आखतो, कारण भांडण तिथूनच सुरू होतं, असा त्याचा अनुभव.

पांढऱ्या रेघा दिसल्या की गावात गर्दी होते. "कोनाचं घर बांधून राह्यले जी?" म्हणत शेजारच्या बायका आल्या.

"पुन्याचं घर हाय, चौदाव्या माळ्यावरचं," नजमुन्निसाभाभी म्हणाल्या. "या, पाह्यून घ्या. लिफ्ट बंद हाय, चालत या."

भाभींनी बैठकीच्या रेघांमध्ये चटया अंथरल्या, मध्ये दस्तरखान घातला आणि कालची बिर्याणी गरम करून आणली. आम्ही अकरा जण बसलो. मीही बसलो, सहा बाय नऊ म्हटलेल्या खोलीत, आणि माझ्या दोन्ही बाजूंना जागा उरली. मी ताटात बघत राहिलो.

"पाचवा दारातूनच सलाम करून जाईन म्हने," बशीर भात वाढत म्हणाला. "तुमी कितवे, वामनराव?"

"अकरावा," मी म्हणालो. सगळे हसले. कोकिळा सगळ्यांत जास्त.

खरी गंमत जेवणानंतर झाली. मलिहा हात धुऊन परत आली आणि दाराशी उभी राहून खाली बघत राहिली. मग तिने मला हाक मारली.

दार म्हणजे फक्कीच्या रेघेतली तीन फुटांची मोकळी जागा. भिंत म्हणजे नुसती पांढरी रेघ. कोणीही कुठूनही ओलांडून आत येऊ शकलं असतं. पण अकराच्या अकरा माणसं दारातूनच आली होती, आणि प्रत्येकाने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बावीस चपलांचा तो ढीग पाच फुटांच्या वाटेवर पसरून समोरच्या घराच्या दाराला टेकला होता. माझा एक जोडा तर शेजाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत होता.

"समोरच्यानं दार उघडलं की तो पडलाच," नजमुन्निसाभाभी म्हणाल्या.

"आमच्या नकाशात चपला नाहीतच," मलिहा म्हणाली. "दोन वर्षांत कोणी चपला काढल्याच नाहीत, कागदावर."

मी वाकून माझा जोडा शेजाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर ओढला. मग म्हणालो, "लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. घराला दाराबाहेर स्वतःचं एक पाऊल असावं, असं काहीतरी. मग म्हातारपणाचं रडगाणं वाटेल म्हणून खोडलं."

बशीरने कपाळावर हात मारला. "जे खोडाचं होतं ते ठेवलं, अन ठेवाचं ते खोडलं!"

मलिहा तोवर खाली बसली होती. तिने बोटाने दाराची रेघ पुसली आणि ती दोन फूट आत ओढली. दारासमोर एक कोनाडा तयार झाला. "बैठक पंधराची तेरा होईल," ती म्हणाली. "अब्बा, तेरात अकरा बसतील?"

"बसाले काय, बारा बसतीन. खेटून बसलं की गोष्टी चांगल्या होतात."

तिने कोनाड्यात एका बाजूला आणखी एक छोटी रेघ ओढली. म्हाताऱ्या माणसाला बसून जोडे काढता यावेत म्हणून कट्टा. ती काढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही काही दिसलं नाही असं दाखवलं.

"साहेब लोक ऐकतीन?" बशीरने विचारलं.

"बघू. त्यांना चपलांचा फोटो दाखवते." आणि तिने फोनवर फोटो काढला.

मलिहा पुण्याला गेल्यानंतरच्या मंगळवारी मी नवा लेख लिहून वाचनालयात बसलो. चार वाजून पाच मिनिटांनी बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. बशीर आत येऊन त्याच्या खुर्चीवर बसला, गुडघा चोळला आणि डोळे मिटले.

मी वाचू लागलो. माझी चूक, लहान करून छापलेला नकाशा, पावणेदोन फुटांचं दार. ते वाक्य मागे घेतो, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. दाराबाहेरच्या एका पावलाबद्दलही लिहिलं होतं. पश्चिमेच्या काचेवरचा परिच्छेद आला तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, "हा काढतो. मलिहाला बरं दिसणार नाही."

बशीरने डोळा उघडला नाही. "काच राहू द्या. तिलेबी नाई आवडत काच. तिचा फोन आला होता. पोट्टीनं दोन फूट मांगले होते, साहेबानं दीड देल्ले."

"दीडमध्ये कट्टा बसतो?"

"बसते. जोडे कट्ट्याखाली ठेवाचे. मी सांगतलं तिले. पुढं वाचा."

मी शेवटपर्यंत वाचलं. मग बशीरने एक डोळा उघडला.

"'मी चुकलो' तीनदा लिवलं तुमी," तो म्हणाला. "एकदा बस झालं."

मी पेन काढलं आणि दोन खोडले. रोजे संपले होते, म्हणून चहा सांगितला.